चळवळीचे जुने अंक डिजिटल करताना नावं झाकायची कशी

मानवी हक्क चळवळींची बुलेटिनं, पत्रकं, सायक्लोस्टाइल अंक जपायचे म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: ‘सगळं स्कॅन करा आणि नेटवर टाका.’ यातलं पहिलं अर्धंच बरोबर आहे.

ते आधी उरकू. गंजलेल्या पिना काढा. ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके), टिफ फाइल (चित्राचा तपशील न गमावणारा प्रकार), आणि अंक काळ्यापांढऱ्यात छापलेला असला तरी स्कॅन रंगीतच. नाहीतर मूळ छपाई कुठली आणि नंतर कुणी पेनाने खरडलंय ते कुठलं, हे कळत नाही. पातळ पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठची अक्षरं उमटत नाहीत. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, अंक, पान. जोडअंकाला दोन्ही आकडे द्या. मी एकदा दिले नाहीत आणि ‘गहाळ’ सातवा अंक महिनाभर शोधत बसलो. तो सहाव्याच्याच पोटात होता.

आता नावं. इथे मी तोंडघशी पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक अंकाच्या दोन प्रती करा. मूळ प्रतीत एक अक्षरही झाकायचं नाही, ती कुलपात. खुली प्रत लोकांसाठी. संपादक, पदाधिकारी, सही करून लिहिणारे यांनी नाव स्वतःहून छापलंय, ते राहू द्या. प्रश्न येतो तो जबानी देणाऱ्यांचा. दोन-तीनशे प्रती हातोहात वाटल्या जातील म्हणून तेव्हा कुणी बोललं असेल, तर तो होकार आजच्या सर्च इंजिनला लागू होत नाही. माणूस हयात असेल तर पुन्हा विचारा. नुसतं नाव झाकूनही भागत नाही: गाव, कामाची जागा आणि घटनेची तारीख एकत्र आली की ओळख पटते. आणि मलपृष्ठ बघा! टपालाने आलेल्या अंकावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटलेली असते. ती हमखास सुटते.

झाकण्याचं काम मी पहिल्यांदा केलं ते पीडीएफवर काळ्या चौकटी ओढून. छान दिसलं, फाइल चढवली. दोन दिवसांनी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने ते पान सिलेक्ट केलं, नोटपॅडमध्ये चिकटवलं आणि मला वाचून दाखवलं. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, सगळं. ओसीआर हे सॉफ्टवेअर पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकुराचा एक अदृश्य थर फाइलमध्ये ठेवतं. चौकट वर नुसती बसते, खालचं काही पुसत नाही.

तेव्हा क्रम असा: टिफची नक्कल घ्या, चित्रातच काळा रंग भरा, सगळे थर एक करून जतन करा, *त्यानंतर* ओसीआर, आणि शेवटी पीडीएफ. धूसर करणं हा झाकण्याचा प्रकारच नाही. त्यातून अक्षरं ताडता येतात. पट्ट्या सगळ्या एकाच लांबीच्या ठेवा, नाहीतर नाव दोन अक्षरी की पाच, हे पट्टीच सांगते. मग सगळा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवा आणि झाकलेलं प्रत्येक नाव शोधून बघा. फाइलचे गुणधर्म तपासा. सूचीही तपासा, पानावर झाकलेलं नाव विषयसूचीत मोकळं सापडलेलं मी पाहिलंय.

टोपणनावापुढे कंसात खरं नाव लिहायची हौस तर अजिबात नको. मॉस्कोत १९६८ साली सुरू झालेलं ‘क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स’ हे सोव्हिएत मानवी हक्क चळवळीचं भूमिगत बुलेटिन टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरायचं. त्याच्या पाचव्या अंकात वाचकांना सांगितलं होतं की माहिती द्यायची असेल तर ज्याच्याकडून अंक मिळाला त्याच्याकडेच द्या. अंक पुढे देणाऱ्यांची साखळी स्वतः शोधत गेलात तर खबरी समजले जाल. अशी काळजीने झाकलेली साखळी आपण नोंदवहीत उलगडून ठेवायची नाही. नोंदीत एवढंच: किती ठिकाणी झाकलं, का, आणि फेरविचार कधी.

बाकीचं सोपं. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा आकडी ठसा) काढून ठेवा, वर्षातून एकदा ताडून बघा. मूळ प्रतीच्या तीन नकला, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. जमलं तर दुसऱ्या देशात. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीच्या काळात ७०० हून अधिक खटल्यांच्या कागदपत्रांच्या गुपचूप झेरॉक्स काढल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मायक्रोफिल्म परदेशी पाठवून ठेवल्या होत्या. २०१३ साली तो संग्रह डिजिटल रूपात खुला झाला.

आणि स्कॅन झालं म्हणून कागद रद्दीत घालू नका. मलपृष्ठावरची ती चिठ्ठीसुद्धा खरवडू नका.