हवा मोजताय? या चुका टाळा

स्वस्त सेन्सर आले आणि मुंबई-पुण्यात सोसायट्यासोसायट्यांमधून हवा मोजणारे गट उभे राहिले. हे चांगलंच झालं, कारण सरकारी केंद्रं मोजकी आहेत आणि आपल्या गल्लीत काय चाललंय ते तिथून कळत नाही. पण सेन्सर लावला की दुसऱ्याच दिवशी आकड्याचा फोटो काढून पालिकेला पाठवायची जी घाई असते, ती मला सहन होत नाही.

सगळ्यात महागात पडते ती आर्द्रतेकडे केलेली डोळेझाक. हा सेन्सर हवेतले धुळीचे कण तोलत नाही. कणांवर पडून लेझरचा प्रकाश किती विखुरतो, त्यावरून तो वजनाचा अंदाज बांधतो. हवा दमट झाली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा भलताच चढतो. सरकारी केंद्रातल्या बीटा किरणांनी कण मोजणाऱ्या यंत्रात हवा आधी तापवून कोरडी करतात, म्हणून तिथे हा घोळ फारसा होत नाही.

उपनगरातल्या एका सोसायटीनं ऐन जुलैत शेजारच्या बांधकामाविरुद्ध तक्रार केली. पहाटेचे चढे आकडे, तक्ता, रंगीत आलेख, सगळं जोडलं. अधिकाऱ्यानं एवढंच विचारलं, "या तारखांना धो धो पाऊस होता, साइट बंद होती, मग धूळ आली कुठून?" सेन्सर आर्द्रताही नोंदवत होता, पण तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून तो रकाना कुणीतरी काढून टाकला होता. तक्रार तिथेच निकालात निघाली. डिसेंबरात खरोखर धूळ उडायला लागली, ताडपत्री न टाकता डंपर पळायला लागले, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी थर बसायला लागला. तेव्हा याच लोकांना ऐकावं लागलं, "पावसात धूळ दाखवणारे तुम्हीच ना?" त्या इमारतीत दम्याची मुलं आहेत. मला अजूनही संताप येतो.

माझी पद्धत साधी आहे. नवा सेन्सर आधी सरकारी केंद्राच्या जवळच्या एखाद्या गच्चीवर दोन-तीन आठवडे ठेवायचा आणि दोन्हीकडचे ताशी आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असलेले तास तक्रारीत घ्यायचेच नाहीत. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण सुनावणीत सूत्र समजावत बसण्यापेक्षा ते तास गाळलेले बरे.

दुसरी खोड म्हणजे कुठलाही आकडा कुठल्याही आकड्याशी ताडून बघायचा. पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १०० येतो, अमेरिकी मोजपट्टीवर तोच दीडशेच्या वर जातो. अनेक परदेशी ॲप अमेरिकी पट्टीच दाखवतात. शिवाय आपल्याकडचा एक्यूआय धुळीच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर काढतात, आणि पीएम २.५ ची ६० ही सरकारी मर्यादाही २४ तासांचीच आहे. सकाळी आठचा एक आकडा दाखवून "मर्यादा ओलांडली" म्हणणं चूकच. तक्रारीत एक्यूआय लिहूच नका, मायक्रोग्रॅम आणि वेळ लिहा.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी सेन्सर लावू नका, तिथे फोडणी मोजली जाते. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळही नको. आतला पंखा अधूनमधून साफ करा, कोळ्याची जाळी लागलेले सेन्सर मी पाहिलेत.

बांधकामाची धूळ बरीचशी जाड असते आणि हे सेन्सर जाड कण नीट पकडत नाहीत. त्यामुळे पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) रकाना पुरावा म्हणून पुढे करू नका. तिथे फोटोच कामाचे. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले आहेत: भोवती उंच पत्रे, राडारोड्यावर पाणी, झाकलेली वाहनं, बाहेर पडताना चाकं धुणं. फोटोत यातलं काय नाही ते दिसतं.

आणि चौकात पाण्याचे फवारे उडवणारी गाडी मागू नका. धूळ जिथे उठते तिथेच ती ओली करावी लागते. एकदा हवेत पसरलेल्या बारीक कणांवर त्या फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. पाणी मागायचंच तर साइटच्या गेटवर चाकं धुवायला मागा, आणि त्यासोबत तारीख-वेळेसकट गेटचे फोटो, वाऱ्याची दिशा आणि कोरड्या तासांचे आकडे द्या.