थ्रॉटल-मिक्श्चर बसवण्याआधी

स्वतः विमान बांधताना थ्रॉटल (इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा नॉब) आणि मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा नॉब) यांच्या केबल बसवायच्या, त्याबद्दल हे. पाने, ड्रिल, पट्टी तुमच्याकडे असणारच. पॅनेलला भोक पाडण्याआधी सीटवर बसा, खांद्याचे पट्टे आवळा आणि मग हात कुठवर पोचतो ते बघा. पट्टा सैल ठेवून घेतलेलं माप उडताना कामाचं नाही. नॉबचे रंग ठरलेले: काळा थ्रॉटल, निळा प्रॉपेलर (पंख्याचा), लाल मिक्श्चर. रंग बदलू नका.

आता मुख्य गोष्ट. नॉब पूर्ण आत दाबला की कार्बोरेटरचा आर्म (केबल ज्याला जोडतो तो दांडा) त्याच्या स्टॉपला, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या टेकूला, टेकलाच पाहिजे, आणि तेव्हा नॉब नि पॅनेलमध्ये तीनेक मिलिमीटर फट उरलीच पाहिजे. बाहेर ओढतानाही आधी आर्म थांबला पाहिजे, केबल नंतर. मागच्या वेळी माझं हेच राहिलं. नॉब आधी टेकला तर तुम्हाला वाटतं फुल थ्रॉटल, आणि कार्बोरेटरमधली हवेची झडप, बटरफ्लाय, असते अर्धवट उघडी. मिक्श्चर बाहेर ओढताना केबल आधी थांबली तर इंजिन बंदच होत नाही.

इंजिन माउंटवर (इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यावर) चढल्याशिवाय केबल मागवू नका. दोरीने माप घ्या, वळणं मोठी ठेवा, एक्झॉस्टपासून लांब. केबलच्या कव्हरचा शेवटचा क्लॅम्प इंजिनवरच हवा, माउंटच्या नळीवर नको. इंजिन रबरावर हलतं. क्लॅम्प नळीवर असला तर प्रत्येक हेलकाव्याला आर्म ओढला जातो. फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली आग अडवणारी भिंत) ते इंजिन केबलला थोडा झोल सोडा. फायरवॉलच्या भोकात नुसतं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) नको, आगीत ते जळतं; स्टीलचं कव्हर लावा.

आपल्याकडे शेड बहुधा जिनिंगच्या आसपास. कापसाचा तंतू ग्रीसला चिकटतो, म्हणून केबलची तोंडं टेपने बंद ठेवा. आणि मे महिन्यात हे काम पहाटेच. पत्रे तापले की घाई होते, घाईत स्टॉप बघायचा राहतो.

रॉड एंडला (केबलच्या टोकाच्या गोळीवाल्या जोडाला) मोठा वॉशर लावा, गोळी निसटली तरी आर्म सुटत नाही. जोड फिरता आहे, त्यामुळे कास्टल नट (खाचांचा नट) आणि त्या खाचेतून जाणारी नवी कॉटर पिन. ट्रॅक्टरच्या दुकानातला नायलॉनचा नट इथे चालणार नाही, बाप्पा.

इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर कार्बोरेटरची स्प्रिंग थ्रॉटल उघडा ओढते. नॉब जागेवर घट्ट धरणारा फ्रिक्शन लॉक हवाच.

काऊलिंग (इंजिनवरचं झाकण) लावण्याआधी एकाला कॉकपिटमध्ये बसवा, स्वतः कार्बोरेटरपाशी थांबा. दोन्ही टोकांना स्टॉप टेकला? डोळ्यांनी बघा, आवाजावर जाऊ नका. इंजिन हाताने हलवून पुन्हा बघा.

मग नटांवर रंगाची खूण, नॉबखाली नावं, लॉगबुकात नोंद. दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या.