घाट उतरताना स्टेअरिंग थडथडतंय? डिस्क-कॅलिपर घरीच बदला

कासवरनं यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थडथडतंय आणि पॅडल पायाखाली उड्या मारतंय, तर बहुतेक वेळा पुढच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या) गेल्यात समजा. अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा म्हटल्यावर डिस्क तापणारच, सेकंडला टाका की राव.

हे फक्त पुढच्या चाकांचं सांगतोय. आणि ब्रेकचं काम आहे, त्यामुळे पहिल्यांदा करत असाल तर कोणीतरी जाणता शेजारी उभा पाहिजे.

आधी काय बदलायचंय ते बघा. डिस्कवर कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, कडेची उंच धार सोडून आतल्या बाजूला मोजा, त्याखाली गेली असेल तर लेथवर मारून घ्यायच्या भानगडीत पडू नका, नवीनच घ्या, दोन्ही बाजूच्या, सोबत पॅडपण (डिस्कला घासून थांबवणाऱ्या ब्रेकच्या गाद्या) नवे. कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मात्र उलटं आहे. एकच पॅड जास्त घासलाय, चाक तापतंय, गाडी एका बाजूला ओढतीय, एवढ्यावरनं लोक कॅलिपर फेकून देतात, पण पुष्कळदा नुसत्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) जाम झालेल्या असतात, साफ करून ब्रेकचंच ग्रीस (साधं नको, रबर फुगतं) लावलं की काम होतं. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनजवळनं ब्रेक ऑइल गळत असेल किंवा पिस्टन मागं जातच नसेल तरच कॅलिपर बदला.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा, मग जॅक आणि खाली घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड), मग चाक काढा. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ हात घालायचा नाही, घाई असली तरी नाही.

कॅलिपर बदलायचा असेल तर तो गाडीवर घट्ट असतानाच होसचा (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा) बोल्ट थोडा सैल करून ठेवा, नंतर हातात धरून तो निघत नाही. जुनाच ठेवणार असाल तर तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, होसवर लोंबकळू देऊ नका, आणि पिस्टन सी क्लॅम्पनं हळू आत ढकलताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याकडं लक्ष ठेवा, वर येऊन सांडतं. पेंटवर पडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते.

ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्यावर बसतो तो सांगाडा) दोन बोल्ट काढले की डिस्क मोकळी. मोकळी म्हणजे काय, साताऱ्याचा पाऊस खाल्लेली डिस्क हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटून बसलेली असते. पुष्कळ डिस्कना दोन आटेवाली भोकं असतात, त्यात बोल्ट आळीपाळीनं पिळले की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. आता खरं काम, हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं पार चकचकीत होईपर्यंत काढा. इथं कंटाळा केला तर डिस्क तिरकी बसते आणि महिना-दोन महिन्यात थडथड परत हजर. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसा.

नवीन कॅलिपर लावताना होसच्या दोन्ही तांब्याच्या वायसर नव्या, आणि हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. मी पहिल्यांदा डावा-उजवा उलटा बसवला होता, निपल खाली, हवा वर अडकलेली, दोन तास भाच्याला पॅडल मारायला लावलं, "मामा, पाय गेला माझा, अजून मऊच लागतंय" म्हणाला तेव्हा कुठं ट्यूब पेटली.

होस उघडल्यावर आत शिरलेली हवा काढताना एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचं, मगच पॅडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा. झाकणावर लिहिलेलंच ऑइल टाका आणि डबा रिकामा होऊ देऊ नका, एबीएसमध्ये हवा गेली तर स्कॅनरवाल्याकडं जायला लागतं. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच (आवळायच्या ठरलेल्या जोरानंच) आवळा, अंदाजे नको.

गाडी हलवायच्या आधी पॅडल कडक होईपर्यंत मारा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. मग सकाळी मेढ्याच्या रोडला मोकळं बघून ६० वरनं २० पर्यंत आठ-दहा वेळा दमानं ब्रेक मारा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थंड होऊ द्या. थोडा जळका वास येईल, येऊ दे. घरी आल्यावर होसचा जोड परत एकदा बोटानं चाचपून बघा, ओलं लागलं तर गाडी तिथंच ठेवा.