गोडो ४: सेव्ह फाइल लोड केल्यावर डिक्शनरीतली की सापडत नाही

गोडो ४ या गेम इंजिनमध्ये केलेल्या खेळात खेळाडूकडच्या वस्तू मी डिक्शनरीत (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांच्या साठ्यात) ठेवतो. की म्हणजे वस्तूचा क्रमांक, व्हॅल्यू म्हणजे नग. खेळ चालू असेपर्यंत सगळं ठीक. जेसन (साध्या मजकुरात डेटा साठवायचा फॉरमॅट) फाइलमधून लोड केलं की मात्र 'हॅज(३)', म्हणजे ३ ही की आहे का हे सांगणारं फंक्शन, 'नाही' म्हणायचं. लूप फिरवून की छापली तर ३ समोर दिसतेय!

फाइलचा पाथ तपासला, लोड 'रेडी' (सीन तयार झाल्यावर चालणारं फंक्शन) याच्या आधी हलवलं, 'हॅज' काढून 'गेट(३, ०)' लावलं, म्हणजे की नसेल तर ० मिळावं. त्याने तर घोळ वाढलाच: नवी वस्तू उचलली की डिक्शनरीत तीन क्रमांकाच्या दोन नोंदी. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

मग कीचा प्रकार सांगणारं 'टाइपऑफ(की)' छापलं. उत्तर आलं ४, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर). इंट (पूर्णांक) असती तर २ आलं असतं. जेसनमध्ये की फक्त स्ट्रिंगच असते, आणि गोडोची डिक्शनरी ३ आणि "३" या वेगळ्या की मानते. शिवाय वाचताना व्हॅल्यूतले सगळे आकडे फ्लोट (दशांश संख्या) होतात.

उपाय, याच क्रमाने: जुनी सेव्ह फाइल आधी उडवा, तिच्यात दुहेरी नोंदी असू शकतात. फाइल वाचून (पार्स करून) मिळालेली डिक्शनरी 'कच्ची' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. 'पक्की' नावाची रिकामी डिक्शनरी करा. 'कच्ची'वर लूप चालवून प्रत्येक वेळी पक्की[इंट(की)] = इंट(कच्ची[की]) लिहा. लूप संपल्यावरच 'पक्की' खेळाडूला द्या. कच्चीतच की बदलत बसू नका. लूप चालू असताना त्याच डिक्शनरीतून की काढणं धोक्याचं.

फाइल माणसाला वाचता यायची गरज नसेल तर 'स्टोअर_व्हार' आणि 'गेट_व्हार' ही फंक्शन वापरा, त्यात टाइप टिकतात. मला फाइल उघडून आकडे बघायची खोड आहे, म्हणून जेसनच ठेवलं.