पेट्रोलचा काटा हलत नसेल तर आधी अर्थिंग बघा

आमची पद्मिनी १९८६ची. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. टाकीला गंज धरला म्हणून एकदा ती उतरवली, धुतली, हौसेने दोन हात काळा रंग मारला आणि परत बसवली. त्या दिवसापासून पेट्रोलचा काटा एका टोकाला जाऊन बसला तो हलेना. मी डॅशबोर्ड खोलून मीटर बदलला. जुन्या बाजारातून आणलेला तो मीटरही तसाच. मग शेजारचे काका आले. त्यांची हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेली. डोकावून एवढंच म्हणाले, "रंग कुठं कुठं मारलायस?"

इग्निशनमधून करंट मीटरला येतो, तिथून एक वायर टाकीवरच्या, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या युनिटला जाते आणि युनिटमधून करंट टाकीच्या पत्र्यातून बॉडीला मिळतो. हेच अर्थिंग. युनिटचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, वर-खाली झाला की युनिटमधला रेझिस्टन्स बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. माझ्या रंगाने टाकी आणि बॉडीचा संबंधच तोडला होता.

टेम्परेचरचा काटाही मेला असेल तर आधी फ्यूज बघा. तो ठीक असेल तर इग्निशन बंद ठेवून युनिटच्या एखाद्या स्क्रूपासून बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यापर्यंत एक वायर जोडा आणि मग चावी फिरवा. काटा उठला तर काम झालं, तीच वायर नीट टर्मिनल लावून कायमची बसवा.

नाही उठला तर युनिटवरची मीटरची वायर काढा. दोन वायरी असतील तर दुसरी बहुधा रिझर्व्हच्या दिव्याची असते, खूण करून ठेवा. चावी फिरवून काटा कुठे जातो ते बघा. चावी बंद करून वायर टाकीपासून लांब, बॉडीला पक्की लावा आणि दोन-तीन सेकंदच चावी चालू करा. कुठल्या वेळी फुल आणि कुठल्या वेळी रिकामं हे मीटरच्या बनावटीवर असतं, पण काट्याने दोन्ही टोकं गाठली पाहिजेत. गाठली तर मीटर आणि वायर चांगली, दोष युनिटमध्ये. नाही तर हीच परीक्षा मीटरच्या मागे करा. तिथे काटा नीट चालला तर मधली वायर तुटली आहे. युनिटला थेट बॅटरीची वायर कधीच लावू नका, आतली तार जळते.

युनिट काढायचं तर बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, गाडी उघड्यावर घ्या. टाकीत पेट्रोल थोडंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त वाईट. स्क्रूंभोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर ती आत पडते. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, आणि बुडालेला फ्लोट भरल्या टाकीतही रिकामंच दाखवणार. मग रेझिस्टन्स मोजायला मल्टिमीटर लावून फ्लोटचा दांडा हळूहळू फिरवा. आकडा सरकत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर तार तिथे झिजली आहे. गाडी चालवताना काटा नेहमी अर्ध्याच्या आसपासच कोसळत असेल, तर तो बहुधा याच कारणाने. कॉन्टॅक्ट क्लिनर मारून मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपर नको. मी घासला, केसासारखी तार तुटली आणि नवीन युनिट घ्यावं लागलं.

बसवताना युनिटखालचं गास्केट, म्हणजे गळती थांबवणारं रबर, इथेनॉल सोसणारं घ्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लिबलिबीत होतं.

शेवटी जवळजवळ रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर भरत काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. फारच चुकत असेल तर फ्लोटचा दांडा किंचित वाकवता येतो, पण त्यासाठी सगळं पुन्हा खोलावं लागतं. मी तो नाद सोडला. आमच्या गाडीत काटा तळाला टेकला तरी चार लिटर उरलेलं असतं. मुलाला हे अजून सांगितलेलं नाही.