टॅकोग्राफचं घड्याळ तासभर मागे

मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडातली घड्याळं तासभर पुढे जातात. आमच्या ट्रकमधला टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हिंग आणि विश्रांतीच्या वेळा नोंदवणारं यंत्र, मात्र जुन्याच वेळेवर होता. गाडी उभी करून ओके दाबलं, बाणाने मेनूतल्या व्हेईकल एन्ट्रीत गेलो, मग लोकल टाइम. आमच्या मशीनवर वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकते, म्हणून दोनदा वर. झालं.

डेपोतल्या एकाने प्रिंट काढून खिजवलं, ‘बघ, मागेच आहे!’ असणारच. आतली नोंद कायम यूटीसीत, म्हणजे उन्हाळ्यातही न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत होते, लोकल टाइम फक्त पडद्यापुरता. साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतरच्या ४५ मिनिटांच्या ब्रेकला त्याने काही फरक पडत नाही. मॅन्युअल एन्ट्री करताना, म्हणजे कार्ड बाहेर असतानाची नोंद हाताने भरताना मात्र वेळेशेजारी यूटीसी लिहिलंय की नुसतं टिंब (म्हणजे लोकल टाइम) आहे, ते डोळे उघडून बघा. उन्हाळ्यात विश्रांतीतला तास तिथेच गायब होतो.