द्राक्षावरचा रोग केवडा की भुरी? पान तपासायला आणताना एवढं करा

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीची मंडळी माझ्या तपासणीच्या टेबलावर चुरगळलेली द्राक्षपानं टाकतात, "सर, औषध सांगा." आधी पान तर नीट आणा! पार वाळलेलं नको. डागाची कड अजून हिरवी असलेलं आणा, रोग जिवंत सापडतो तो तिथंच. वर तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटा. खाली पांढरी लव असेल तर केवडा. नसेल तर पान ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा. केवडा असला तर सकाळपर्यंत लव येते. भुरी वरच्या बाजूलाही राखेसारखी बसते, बोटानं पुसली जाते. सोबत वाण, छाटणीची तारीख, मारलेली औषधं लिहा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मारलेलंही.

आणि मुलीला या रोग ओळखण्याच्या लायनीत घालायचंय म्हणता, तर बी.एस्सी. कृषीनंतर एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घ्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे.